शेणखत, कंपोस्ट आणि व्याह्यांचा मानपान

४ फेब्रुवारी

मुलांची लग्नं लावून मोकळ्या झालेल्या, त्यांच्या घरी चहापुरत्या उरलेल्या आणि सल्ला द्यायला तोंड उघडलं की "बाबा, बिस्किट घ्या ना" एवढंच ऐकून घेणाऱ्या तमाम आईबापांनो!

विहीणबाई, दचकू नका. सभा नाही, पत्रच आहे. तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर भाषणं केली, त्यामुळे कागदावर पेन टेकलं तरी मला समोर गर्दी दिसते. आजची गर्दी दोघांचीच आहे, तुम्ही आणि मी. पण दुःख एक असलं की दोघांचाही मोर्चा होतो.

फोन का केला नाही, तर मागच्या वेळी तुम्ही गोठ्यातून बोलत होतात. मी मुद्दा मांडला आणि पलीकडून जो हुंकार आला तो तुमचा की गाईचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून हे पत्र तुमच्याच दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती देतो आहे.

मुद्द्यावर येतो. तुमची लेक, माझी सून, विम्याच्या ऑफिसातली पंखा-टेबलाची नोकरी सोडून घरामागच्या अंगणात रोपवाटिका काढून बसली. मी विरोध केला नाही. उलट शेजारीपाजारी मी तिचं भाषणात उदाहरण देतो. नगरपालिकेनं शाळांच्या बागांसाठी टोमॅटो, कोबी आणि मिरचीच्या रोपांची मागणी तिच्याकडे दिली आहे. वीस एप्रिलला रोपं द्यायची. नाही जमलं, तर ऑफिसातल्या साहेबांनी तिची खुर्ची एप्रिलअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. म्हणजे त्या माणसानं तिच्या अपयशाला आधीच गादी घालून ठेवली आहे. मला ती खुर्ची मोडायची आहे.

आणि ती काय करते? रोपांच्या ट्रेमध्ये नुसती चाळलेली माती आणि वाळू! खत नाही, काही नाही. कोवळी पोरं उपाशी ठेवायची आणि वर म्हणायचं, "बाबा, त्यांना आत्ता काही नको." शोषण करणारे सगळे हेच म्हणतात, की त्यांना काही नको.

आमच्या इमारतीच्या बारा घरांचा ओला कचरा मी पिंपात कुजवतो. त्याचं कंपोस्ट झालं आहे, काळं, भुसभुशीत, पावसाळी रानासारखा वास. ते घालू द्यावं असं तुम्ही लेकीला सांगा. तुम्ही शेणाची पोती पाठवली आहेत, ती तिच्या मागच्या फाटकाशी पडून आहेत असं समजलं. भावना पोचल्या. पण विहीणबाई, आकडे निष्ठुर असतात. मी पुस्तकं काढून पाहिली. शंभर किलो शेणात नत्र, म्हणजे खताचा खरा जोर, अर्धा किलोही भरत नाही. माझ्या वाळवून चाळलेल्या कंपोस्टमध्ये दीड किलो. तिप्पट! गाईनं आधी खाऊन घेतल्यावर मागे काय उरणार?

राग मानू नये.

आपला,
व्याही


९ फेब्रुवारी

व्याहीबुवांस,

हुंकार गाईचा होता. मी तेव्हा बादली धुवत होते.

राग मानला नाही. चाळीस वर्षं दूध घालते, त्यामुळे पाणी कुठे मिसळलंय ते मला लगेच कळतं. तुमच्या आकड्यात ते मिसळलंय. माझं शेण ओलं मोजलंत आणि तुमचं कंपोस्ट वाळवून, चाळून, गंधपावडर लावून मोजलंत. शेणात शंभरात ऐंशी भाग पाणी असतं हो. ओलं धोतर आणि इस्त्रीचा शर्ट तराजूत घालून कापड कुणाचं चांगलं ते ठरवायचं का? माझंही वाळवून मोजा. शंभर किलो कोरड्या शेणात दोन किलो नत्र निघेल. मग तुमचं दीड कुठे राहिलं?

गाईनं खाऊन उरलेलं म्हणता. तुमच्या पिंपात तरी काय असतं? बारा घरांनी खाऊन उरलेलंच ना? माझ्या गाई निदान ताजं खातात.

जावईबापू मागे म्हणाले होते की कारखान्यात तुम्हाला सगळे भोंगा म्हणायचे. मी त्यांना रागावले, वडिलांबद्दल असं बोलू नये म्हणून. आता वाटतं, उगाच रागावले.

पण मूळ तक्रार तुमची-माझी एकच आहे, ती खरी. पोरीला मी विचारलं, "अगं, रोपांना काही घालत का नाहीस?" तर मला म्हणते, "आई, बी आपली शिदोरी घेऊनच येतं. पहिले काही आठवडे त्याला फक्त पाणी आणि उजेड लागतो." हे मला सांगते! जिला मी दीड वर्ष अंगावर पाजलं आणि वर वाटीनं दूध दिलं. ती शिदोरी घेऊन आली होती का?

ती खुर्ची मलाही डोळ्यांत सलते. लग्न होऊन गेली तेव्हा ती ऑफिसातून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायची. आता मातीच्या हातांनी दार उघडते आणि हसते. ते हसू राहायला हवं. म्हणून पोती पाठवली. ती फाटकाशीच पडून आहेत हे तुमच्याकडून कळलं. माझी लेक मला एवढंच म्हणाली होती, "पोचली गं."

आपली,
विहीण


१५ फेब्रुवारी

विहीणबाईंस,

आपलं पत्र वाचलं. गंधपावडर या शब्दाचा मी निषेध नोंदवतो.

पाण्याचा मुद्दा चतुर आहे, पण माळी पाटी उचलतो तेव्हा पाण्यासकट उचलतो. रोपाला तुम्ही काय घालणार, कागदावरचं वाळलेलं शेण की पाटीतलं ओलं? आणि ताज्या शेणाची वाफ विसरलात. तो अमोनिया कोवळी मुळं भाजतो. वर त्यात गवताचं बी. तुमच्या पोत्याबरोबर रोपवाटिकेत कुरणच येईल.

काल तिकडे गेलो होतो. सून बाजारात गेली होती, चिरंजीव दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीत ड्यूटीवर. मागच्या फाटकाची किल्ली त्यांनी मला अडीअडचणीसाठी दिली आहे. ही अडचणच होती.

हिरव्या जाळीखाली ट्रेच्या रांगा आहेत. टोमॅटोला दोन दोन पानं फुटलेली, काडीसारखे देठ. कोबी त्याहून लहान. एवढी माणसं एकाच वेळी माझ्याकडे बघताहेत असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मी त्यांच्याशी चार शब्द बोललो, थोडं पाणी शिंपडलं आणि परत आलो. बाकी काही नाही. एक पिंपभर कंपोस्ट तिच्या पायरीशी ठेवून आलो, तिला हवं तर घेईल. पिंप काठोकाठ भरलेलं नव्हतं, हे कुणी विचारलं तर आधीच सांगून ठेवतो.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. "बाबा, तुम्ही ट्रेमध्ये काही घातलंत का?" मी म्हटलं, "बेटा, मी तत्त्वाचा माणूस आहे." ती म्हणाली, "तेच विचारतेय."

आपला,
व्याही


२१ फेब्रुवारी

व्याहीबुवांस,

तत्त्वाच्या माणसानं किती मुठी तत्त्व घातलं, ते मला कळलं. शुक्रवारी गाडीबरोबर मी स्वतःच आले होते. ट्रेमधली माती वरून काळी दिसत होती आणि त्यात अंड्याच्या कवचाचा एक तुकडा चमकत होता. पोरगी अंडी फोडून रोपांवर टाकत नाही.

ती तेव्हा नगरपालिकेत कागदावर सही करायला गेली होती, पण फाटकाची एक किल्ली तिनं मलाही दिली आहे. मीही कुणाच्या वस्तूला हात लावणाऱ्यातली नाही. पण पाण्याच्या टाकीत पाणी कमी होतं, ते भरलं. भरताना थोडं ढवळलं. पाण्याचा रंग जरा बदलला असेल. आमच्याकडे वासरू अशक्त असलं की त्याला पातळ करून देतात, तसंच केलं, एवढंच समजा.

हे असं चोरून किती दिवस चालायचं? आपण काय लहान मुलं आहोत? मी एक सुचवते. तुमच्या गावातल्या माती परीक्षण केंद्रात दोन्ही नमुने द्या. माझ्या शेणाचा डबा गाडीवाल्याबरोबर पाठवते आहे. झाकण घट्ट आहे, बसमध्ये उघडू नका. त्यांना सांगा, दोन्ही ओलं मोजा आणि दोन्ही वाळवून मोजा. कुणाचंही लाडानं कमीजास्त नको. जो हरेल त्यानं पुन्हा त्या फाटकाकडे फिरकू नये.

मान्य असेल तर हो म्हणा. भाषण नको.

आपली,
विहीण


२२ फेब्रुवारी

विहीणबाईंस,

हो.

(हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण आहे. जपून ठेवावं.)

आपला,
व्याही


२८ फेब्रुवारी

विहीणबाईंस,

निकाल काल आला. एक प्रत तुम्हालाही गाडीनं कालच मिळाली असेल.

मी तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला, मग चष्मा पुसून वाचला. वाळवून मोजलं तर शंभरात तुमचं नत्र दोन, माझं दीड. पालाशही तुमचं जास्त. स्फुरद जवळजवळ सारखं. तुम्ही गोठ्यात उभं राहून जे सांगितलंत, ते मी चार पुस्तकं उघडून नाकारलं होतं.

विहीणबाई, मी फाटकावर उभा राहून मालकांना सांगायचो, "चूक कबूल करणारा लहान होत नाही." मालकांनी कधी कबूल केली नाही, त्यामुळे हे वाक्य खरं की खोटं ते तपासायची संधी मिळाली नव्हती. आज मिळाली. मी जाहीर माफी मागतो. "गाईनं आधी खाऊन घेतल्यावर मागे काय उरणार" हे माझे शब्द मी परत घेतो. पुष्कळ उरतं.

आणि नुसत्या शब्दांची माफी मला पोकळ वाटते. मुलीच्या आईचा माल व्याह्यानं फाटकाशी कुजत ठेवायचा, हे मला शोभत नाही. म्हणून आज दुपारी जाऊन मी तुमची पोती स्वतःच्या हातानं उघडली. वरचं वाळलेलं बाजूला सारलं, आतलं ओलसर, जोमदार शेण घेतलं आणि टोमॅटोच्या नि कोबीच्या प्रत्येक ट्रेला दिलं. हात आखडता घेतला नाही. मानपानात काटकसर करणारा मी नव्हे.

लेकीला सांगू नका. रोपं तरारली की मग सांगू, की हे तुझ्या आईचं.

आपला नम्र,
व्याही


२८ फेब्रुवारी

व्याहीबुवांस,

कागद काल मिळाला. गोठ्याच्या दारात उजेडात धरून वाचला.

तुम्ही म्हणाला होतात, माळी पाटी पाण्यासकट उचलतो. खरं आहे. ओलं मोजलं तर शंभर किलो माझ्या शेणात नत्र चारशे ग्रॅम, तुमच्या कंपोस्टमध्ये नऊशे. पाटीमागे दुपटीहून जास्त. शिवाय केंद्रातल्या बाईंनी फोनवर सांगितलं, की कंपोस्टमधलं हळूहळू सुटतं, माती ओल धरते आणि वासही येत नाही. मी आयुष्यभर ओलंच शेण वाहिलं, वाळवून कधी मोजलं? भांडायचं म्हणून वाळवलं. हे बरोबर नाही झालं माझं.

बारा घरांनी उरवलेलं म्हणाले, तेही मागे घेते. माणूस एवढ्या निगुतीनं सालं वेचतो, कवचं कुटतो, आणि मी त्याला हसले. आमचे हे गेल्यापासून माझ्याशी एवढं भांडलंही कुणी नव्हतं.

म्हणून मी काय केलं ते सांगते. आज सकाळी गाडीबरोबर आले होते. पोरगी आणि जावईबापू बाहेर गेले होते. पायरीशी तुमचं पिंप होतं, अर्ध्याहून जास्त भरलेलं. मी त्यातलं कंपोस्ट घेऊन टोमॅटो आणि कोबीच्या ट्रेमध्ये रोपांच्या कडेनं छान बोटभर थर दिला. व्याह्यांनी एवढं आणून ठेवायचं आणि आपण त्याला हात लावायचा नाही, हे आमच्या घरात चालत नाही.

मिरचीचे ट्रे वरच्या फळीवर होते, तिथे हात पोचला नाही. स्टूल असतं तर तेही केलं असतं.

लेकीला कळू देऊ नका. रोपं वाढली की सांगू, तुझ्या सासऱ्यांचं आहे म्हणून.

आपली,
विहीण


१ मार्च

विहीणबाई,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना नमस्कार करून गेली, असं दिसतं.

तुम्ही सकाळी. मी दुपारी. मला थर दिसला होता. मला वाटलं, तो माझाच, १४ तारखेचा.

बोटभर म्हणजे कोणतं बोट?

व्याही


२ मार्च

व्याहीबुवा,

अंगठा. आडवा.

तुम्ही "हात आखडता घेतला नाही" म्हणजे नक्की किती? आणि त्याआधी पाण्याच्या टाकीत मी घातलं ते धरलं तर किती झालं? मला हिशेब करवत नाही. वासराला एका दिवसात एवढं पाजलं असतं तर ते आडवं झालं असतं.

तुम्ही जवळ आहात. जाऊन बघा आणि खरं काय ते कळवा.

विहीण


३ मार्च

विहीणबाई,

गेलो होतो. फाटकातूनच पाहिलं, आत पाय गेला नाही.

पानांच्या कडा करपल्या आहेत, जसा कागद मेणबत्तीजवळ धरावा तशा. टोमॅटो मान टाकून आहेत. कोबीचे कित्येक ट्रे पिवळे. मिरची मात्र वरच्या फळीवर ताठ उभी आहे. आपल्या दोघांची उंची कमी, एवढंच तिचं नशीब.

सून पाठमोरी बसली होती. ट्रे मांडीवर घेऊन एकेक रोप उपटून मुळं बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर मी आत गेलो असतो, मला समजूत घालता येते. ती नुसती बघत होती. तिच्याशेजारी मोबाइल होता, आणि त्यावर त्या ऑफिसच्या साहेबांचं नाव चमकत होतं. तिनं उचलला की नाही ते मी पाहिलं नाही. मी निघून आलो.

हजारो माणसांसमोर बोललो आहे, विहीणबाई. आज एका पाठीसमोर शब्द सापडला नाही. तुम्ही तिला सांगा. तुम्ही आई आहात.

व्याही


४ मार्च

व्याहीबुवा,

मी आई आहे म्हणून सांगवत नाही. तुम्ही सांगा. भोंगा कशाला असतो?

विहीण


६ मार्च

बाबा आणि आई,

हे पत्र एकच लिहिलंय, त्याच्या दोन प्रती केल्यात. एकाला जे लिहीन ते दुसऱ्याला वेगळं सांगितलं जाईल, आणि मग त्यावर पत्रव्यवहार सुरू होईल, म्हणून.

मला सगळं कळलंय. गाडीवाल्यानं सांगितलं नाही, तो बिचारा तुमच्या दोघांच्या शपथांखाली दबलाय. मातीनं सांगितलं. ट्रेची माती मी केंद्रात नेली. त्या बाईंनी क्षार मोजले, मग यंत्र बिघडलंय का म्हणून पुन्हा मोजले. मग तुमच्या दोन्ही नमुन्यांचा निकाल पुढे ठेवून मला हळूच विचारलं, "घरात मोठी माणसं आहेत का?"

बाबा, कंपोस्ट चांगलं आहे. आई, शेणही चांगलं आहे. पाटीनं मोजलं तर बाबा जिंकतात, वाळवून मोजलं तर आई जिंकते, आणि ज्याच्यावर हे सगळं मोजलं गेलं त्या रोपाची उंची माझ्या करंगळीएवढी होती. त्याला दोन पानं होती. त्या दोन पानांना तुम्ही बारा घरांचा स्वयंपाक आणि अख्खा गोठा वाढलात. पाणी मुळातून वर जायच्याऐवजी मुळातूनच बाहेर ओढलं गेलं. रोपं भरल्या ताटावर तहानेनं मेली. अति तिथे माती म्हणतात. माझ्या ट्रेमध्ये अति इतकं झालं, की मातीच उरली नाही.

तुम्ही भांडत होतात तोवर रोपं तग धरून होती. एकाची मूठभर, एकीची टाकीत ढवळाढवळ, ते मी धुवून काढलं होतं. तुमचं पटलं आणि माझा घात झाला. शेजारच्या काकूंना हे सांगितलं, तर त्या हसता हसता खाली बसल्या. मलाही परवापासून थोडं थोडं हसू येतंय. परवापर्यंत येत नव्हतं.

तुमचे चिरंजीव म्हणाले, "बाबांना एवढं स्पष्ट लिहू नकोस, त्यांना वाईट वाटेल." मी म्हटलं, वाटू दे. मग ते ड्यूटीवरून येऊन, मला न विचारता, पाइप घेऊन ट्रे धुवायला बसले. एकही प्रश्न नाही, एकही सल्ला नाही. आई, हे मी तुला मुद्दाम सांगतेय. मदत अशीही असते.

साहेबांचा फोन आला होता. खुर्ची अजून आहे म्हणाले. मी त्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणाला द्या. मनात धडधड होती तरी सांगितलं. बाबा, आनंदानं टाळ्या वाजवू नका, अजून रोपं द्यायचीत.

मिरची पूर्ण शाबूत आहे. टोमॅटोचे थोडे ट्रे वाचतील. बाकी टोमॅटो आणि सगळी कोबी पुन्हा पेरायची. या आठवड्यात बी पडलं, तर वीस एप्रिलला रोपं जेमतेम देण्याजोगी होतील. नंतर पडलं तर नाही. नगरपालिकेच्या बाईंना मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या घरीही सासरे आहेत. तारीख मात्र बदलणार नाही."

ट्रे खूप आहेत, आणि आम्हा दोघांचे हात पुरणार नाहीत. प्रत्येक खणात चाळलेली माती आणि वाळू भरायची, बोटानं एक खळगा करायचा, त्यात एक बी टाकायचं आणि वर चिमूटभर माती. भाषण करत करतही जमेल एवढं सोपं काम आहे. आई, तुझी बोटं दूध काढून काढून इतकी नेमकी झालीत, की तुझ्यासारखं बी कुणाला टाकता येणार नाही. बाबा, तुम्हाला रांगा सरळ ठेवायची सवय आहे.

रविवारी सकाळी आठ वाजता दोघंही या. येताना पोतं नाही, पिंप नाही, डबा नाही. फाटकाशी उभं राहून आधी हात साबणानं कोपरापर्यंत धुवा, आणि मग आत येऊन पेरायला बसा.

तुमची
लेक आणि सून